गाडी ठीक झाली की या

२८ नोव्हेंबर

आजपासून या वहीत फक्त गाडीचं लिहायचं. घरचं, मनाचं, गुडघ्याचं काही नाही. एकोणतीस वर्षं आलापल्लीच्या लाकूड डेपोत रजिस्टर लिहिलं, एका ओंडक्याची लांबी-गोलाई कधी चुकली नाही. मग एका गाडीचं लिहायला काय होतंय.

गाडी पांढरी, सोळा वर्षांची, ऑटोमॅटिक. डेपोत सागाचा ओंडका घरंगळून डाव्या पायावर आला, तेव्हापासून मला क्लच दाबता येत नाही. या गाडीला क्लचच नाही, म्हणून नागपूरच्या एका साहेबांकडून ही जुनी उचलली. चामोर्शी तालुक्यात अशी दुसरी मी तरी पाहिली नाही.

तक्रार अशी, की गिअरचा दांडा पुढे टाकला की गाडी आधी विचार करते. दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग मागून कुणी लाथ घातल्यासारखा हिसका. पुढे प्रत्येक गिअर बदलताना पुन्हा तेच.

दसऱ्याला आम्ही दोघं दीक्षाभूमीवर गेलो, तेव्हा गिरजाने उमरेडच्या पुढे समोरचा डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला तो नागपूर येईपर्यंत सोडला नाही. नूतनच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या घरी उतरल्यावर म्हणाली, "मी राह्यते इथीच. गाडी ठीक झाली की या घ्यायले."

तेव्हा मुद्दा सरळ आहे. गाडी ठीक करायची आणि गिरजाला आणायचं. दोन महिने होत आले.

३० नोव्हेंबर

चामोर्शीला डोमा मेकॅनिककडे गेलो. त्याने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. "भाऊ, ऑटोमॅटिकले मी हात नाई लावत. भंगारवाल्याले देऊन टाका. नाई तं ट्रॅक्टरचं नव्वद नंबर तेल टाकून पाहा, चाललं तं चाललं."

ट्रॅक्टरचं तेल! घरी येऊन डिकीतलं गाडीचं पुस्तक काढलं आणि डिक्शनरी घेऊन वाचत बसलो. या गिअरबॉक्सला स्वतःचं वेगळं तेल असतं आणि चाळीस हजार किलोमीटरला ते बदलायचं असतं. मी अठ्ठ्याऐंशी हजार चालवली. इंजिनचं तेल दरवेळी तारखेवर बदललं, पण हे नाही. विकणारे साहेब म्हणाले होते, हे तेल लाइफटाइम असतं. कुणाचं लाइफटाइम, ते विचारायचं राहून गेलं.

४ डिसेंबर

मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. घरी होण्यासारखं काम आहे. खालचा बोल्ट काढा, तेल सांडू द्या, बोल्ट लावा, वरच्या डिपस्टिकच्या भोकातून नवं भरा. अडचण एकच. एका वेळी अर्ध्याहून कमी तेल निघतं, बाकीचं जुनं आतच अडकून राहतं. म्हणून भरायचं, गाडी चालवायची, पुन्हा काढायचं. अशा तीन खेपा.

नूतनला फोन करून नऊ लिटर तेल नागपुरातून पाठवायला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाले गाडीखाली जाता? बसने या ना." तिला कसं समजावणार, की मला यायचं नाही, न्यायचं आहे.

गिरजाशी रोजच्यासारखं सातला बोललो. जेवली का? हो. औषध? घेतलं. ती कॉलनीतल्या विहारात मुलांना वंदना शिकवायला जाते म्हणाली, पंधरा मुलं आहेत. मी म्हणालो, बरं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. बिचारीचा तिकडे वेळ जात नसेल.

९ डिसेंबर

गाडीचं काही नाही, पण लिहितो.

शेजारचा वारलू कुंपणापाशी आला. त्याच्या धानाचे पुंजणे खळ्याभोवती रचून झालेत आणि आता चुरणीची, म्हणजे मळणीची, तयारी चालली आहे. बावीस वर्षं शेजारी राहतो, पण आमचं बोलणं कमीच. गिरजा आणि त्याची गुणाबाई मात्र कुंपणावरून तासतास बोलत.

तो म्हणाला, "काल मूलले आमच्या गुणाच्या भाचीचं लगन झालं. बाई आल्या होत्या ना. तुम्ही काऊन नाई आले?"

"हो, माझा पाय दुखत होता," मी म्हणालो.

मला ठाऊकच नव्हतं. गिरजा नागपूरहून बसने मूल गावापर्यंत आली आणि बसनेच परत गेली. मूलपासून आपलं घर ते किती? तासाभराचा रस्ता. पण तिला बस लागते, उलट्या होतात. इथवर यायचं म्हणजे अजून एक बस बदलायची, आणि पुन्हा परत जायचं. नसेल झेपलं. फोनवर सांगितलं नाही, कारण मी रागावेन असं वाटलं असेल. मी रागावत नाही. मी फार बोलतच नाही.

वारलूपाशी खोटं बोललो, ते मात्र दिवसभर सलत राहिलं.

१२ डिसेंबर

तेलाचं पार्सल एसटीने आलं. नऊ डबे, एकही फुटलेला नाही. डब्यांमध्ये कागद कोंबलेले, वर दोन जुन्या साड्या घातलेल्या. चिठ्ठीत नूतनचं अक्षर: "पुसायला चिंध्या." कडेला गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली, तीच हिरव्या झाकणाची, आणि भाजलेल्या जवसाची चटणी.

नूतनला कसं काय आठवलं! ती लहान असल्यापासून मला जवस आवडतो हे तिला माहीत असेल.

साड्या मात्र ओळखल्या. गिरजाच्या घरात नेसायच्या. पुसायला वापरल्या नाहीत, धुऊन वाळत घातल्या. आल्यावर तिला नेसायला लागतील.

१५ डिसेंबर

पहिली खेप.

पुढची चाकं येनाच्या टणक लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर चढवली. गाडी अंगावर येऊ नये म्हणून लाकूड निवडायचं, तर त्यात मला कुणी शिकवू नये. मागच्या चाकांना दगड लावले, पाठीखाली पोतं टाकून आत सरकलो. बोल्ट हलेना. उजवा पाय टायरला टेकवून जोर लावला तेव्हा कुरकुरला आणि तेल हातावर आलं. नवं तेल लालभडक असतं. हे काळं होतं आणि त्याला करपलेल्या भाजीसारखा वास होता. बोल्टच्या लोहचुंबकाला लोखंडाचा बारीक चुरा केसांसारखा चिकटलेला. मला खरंच वाईट वाटलं. इतकी वर्षं ती असल्या तेलावर मला वाहून नेत होती आणि मी तिला शिव्या घालत होतो.

निघालेलं तेल खुणा केलेल्या डब्यात मोजलं: दोन लिटर सहाशे. बरोबर तेवढंच नवं भरलं, थेंब कमी नाही, जास्त नाही. डेपोत हाच नियम होता. जेवढं उचललं तेवढं जागेवर ठेवलं, की माणसाची जबाबदारी संपली.

ठोकळ्यांवरून खाली घेतली. पुस्तकात लिहिलंय की इंजिन गरम करून, सपाट जागेवर डिपस्टिक तपासा. अंगणातच तपासली. तेल बरोबर दोन खुणांच्या मध्ये. दरवेळी असंच असतं.

गुडघा सुजला. हिरव्या झाकणाचं तेल लावलं.

१६ डिसेंबर

फाट्यापर्यंत नेली. हिसका तसाच.

२१ डिसेंबर

पाच दिवस वहीला हात लावला नाही. रोज थोडी चालवून पाहिली, काही फरक नाही. डोमाने रस्त्यात हात केला, "काय भाऊ, भंगारवाल्याचा नंबर देऊ का?" मी हसलो, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते आहे. गाडी ठीक झाली नाही तर गिरजाला आणायला काय घेऊन जाऊ? तिने एकच गोष्ट सांगितली होती, आणि ती मला जमत नाही. घर इतकं शांत आहे की भांडं ठेवल्याचा आवाज मलाच मोठा वाटतो. मुद्दाम जोरात ठेवून पाहिलं. जोरात ठेवलं तर आणखी वाईट.

सातला फोन केला. ती म्हणाली आवाज बसलाय, मुलांकडून गाथा म्हणवून घेऊन. मागे कुणीतरी बायका हसत होत्या. मी म्हणालो, बरं. एक मिनिट पन्नास सेकंद.

२३ डिसेंबर

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

सकाळी गाडी अंगणात चालू ठेवून, डिपस्टिक काढून, पुसून पाहत होतो. वारलू कुंपणावर कोपर टेकून उभा. "भाऊ, तुम्ही रोज ते काडी काढून काय पाहून राह्यले?"

सांगितलं. तेल बरोबर आहे तरी गाडी धक्का देते. तेल सपाट जागेवर मोजायचं असतं, तसंच मोजतो.

"सपाट?" तो म्हणाला. "हे आंगण सपाट कुठी आहे?"

मी म्हणालो, आहे ना. त्याने माझ्या नळाखालची बादली उचलली आणि अंगणाच्या मधोमध तांब्याभर पाणी ओतलं. त्याचा बाप खळं करताना असंच पाहायचा म्हणे, पाणी जागच्या जागी पसरलं तर खळं साधलं. माझ्या अंगणातलं पाणी जरा थांबलं आणि सरळ उजवीकडे निघालं. गाडीच्या पोटाखालून, कुंपणाच्या कडेने, गिरजाच्या वाळलेल्या झेंडूंत.

"बाईनं मुद्दाम उतार काढून घेतला होता," वारलू म्हणाला. "न्हाणीचं पाणी झेंडूले जावं म्हणून. आमच्या गुणानंच माती आणून देल्ली. तुम्हाले नाई माहीत?"

बावीस वर्षं या अंगणात आधी सायकल, मग स्कूटर, मग गाडी लावली. मला नव्हतं माहीत.

वारलू म्हणाला, "गावात सपाट जागा एकच, मायं खळं. आना तिथी."

मी म्हणालो, "तिथे धान आहे, गाडी कशी आणू?"

"चुरणी उद्यापासून. आज रिकामं आहे. पन एक करा. खळ्यावर माणसं चपला काढतात. तुमच्या गाडीचे चाकं धुऊन घ्या."

चारही चाकं धुतली. घासून, खाचांतला चिखल काडीने काढून. गुणाबाई दारात उभी राहून पाहत होती. मग मी चपला काढल्या आणि अनवाणी पायाने ब्रेक दाबत गाडी शेणाने सारवलेल्या खळ्यावर अगदी हळू चढवली. वारलू पुढे चालत हाताने दाखवत होता, जणू नवरदेवाची गाडी लावतोय. गुणाबाई म्हणाली, "आणलीच हाये तं चार फेरे मारा, धानही चुरून होईल." आम्ही तिघंही हसलो. मी केव्हाचा हसलो नव्हतो.

इंजिन गरम केलं. डिपस्टिक काढली, पुसली, घातली, काढली. टोकाला नुसता ओशटपणा. तेल खालच्या खुणेपर्यंतसुद्धा नव्हतं!

म्हणजे तेल आधीपासूनच कमी होतं, कित्येक वर्षं. उतारावर काडी खोटं सांगत होती आणि मी ते खरं मानत होतो. आणि त्या दिवशी काढलं तेवढंच मोजून भरलं, म्हणजे जी तूट होती तीच पुन्हा इमानदारीने भरली. सातशे मिली आणखी लागलं. वारलूने नरसाळं धरलं.

मग दांडा पुढे टाकला. गाडी निघाली. विचार न करता, कुणी पाठीवर हात ठेवावा तशी.

२४ डिसेंबर

चाळीस किलोमीटर फिरवली. एकही हिसका नाही. घोट गावात माणसं थांबवून सांगावंसं वाटलं.

सातला गिरजाला फोन. "गाडी ठीक झाली," म्हणालो. मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाली, "खरंच झाली?"

"येतो उद्या घ्यायले."

"उद्या नका येऊ. रस्ता खराब आहे नागभीडजवळ."

रस्ता नवा झालाय, मी सांगितलं.

"मंग धुकं असते सकाळी."

दुपारी निघेन म्हणालो. तर म्हणाली, मुलांचा कार्यक्रम आहे जानेवारीत, तोवर तरी नको. माझी फार काळजी करते.

पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसलो होतो. आनंद झाल्यासारखा तिचा आवाज नव्हता. ही गाडी ठीक होईल असं तिला कधी वाटलंच नव्हतं का? हे लिहिलं आणि खोडणार होतो. राहू दे.

५ जानेवारी

दुसरी खेप, वारलूच्याच खळ्यावर. रास घरी गेली, पण चाकं तरीही धुतली. ठोकळे नेले, जमिनीला खळगा पडू नये म्हणून खाली पोतं घातलं. तेल या वेळी तपकिरी निघालं. भरलं ते काडीवर पाहून, डब्यात मोजून नाही. तिसऱ्या खेपेपुरतं तेल उरलंय.

गुणाबाईने चहा दिला. मी सहज विचारलं, मूलला लग्नात गिरजा बरी होती ना? ती म्हणाली, "बरी म्हंजे? नाचल्या बाई." मग माझ्याकडे पाहताच कपबशा उचलायला लागली.

गिरजा नाचते हे मला ठाऊक नव्हतं. तेही नव्हतं ठाऊक.

१२ जानेवारी

नागपूर.

नूतनकडे अकराला पोहोचलो. गिरजा विहारातून आली, निळ्या काठाची पांढरी साडी, हातात मुलांच्या वह्या. मी म्हणालो, बसून तर पाहा. ती बसली. कॉलनीला दोन फेऱ्या मारल्या. तिचे हात मांडीवर होते. डॅशबोर्डकडे गेले नाहीत.

"नाई देत धक्का आता," ती म्हणाली.

लिंबाखाली गाडी थांबवली. येताना रस्ताभर घोकलं होतं की म्हणायचं, चल, बॅग भर. पण तोंडातून निघालं, "अंगणाले उतार आहे. तू सांगितलं नाई कधी."

"सांगितलं होतं. सारवून राह्यली होती तवा. तुम्ही म्हटलं, बरं."

म्हटलं असेल. मी तसंच म्हणतो.

मग मी विचारलं, "गिरजा, तुले यायचं आहे का?"

ती समोरच्या काचेतून पाहत राहिली. मग म्हणाली, "नाई."

इंजिन चालूच होतं, इतकं हळू की ऐकू येत नव्हतं.

"छत्तीस वर्षांत पयल्यांदा इचारलं तुम्ही," ती म्हणाली. "म्हणून सांगते. तिथी मी बोलली तं भिंतीले ऐकू जाते. इथी पोरं इचारतात, आजी, मंग काय झालं? मले त्याची सवय झाली आता. तुम्ही वाईट नाई हो. पन मले मंग काय झालं, असं कोणी इचारलं पाह्यजे."

माझ्या ओठावर 'बरं' आलं होतं. गिळलं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने पाहिलं. मला तिने पाहिल्याची लाज वाटली नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं, की अजून एक खेप बाकी आहे, जुनं तेल एकदम निघत नाही, थोडं आत राहतंच, चालवत चालवत बदलावं लागतं.

तिने नीट ऐकलं. दार उघडून उतरली, वह्या घेतल्या, मग वाकून आत पाहिलं. "मंग ते तिसऱ्या खेपेचं झालं की या. घ्यायले नाई. भेटायले."

१३ जानेवारी

काल संध्याकाळी परत पोहोचलो. गाडी अंगणात लावली, पण उताराच्या वरच्या बाजूला. आज आंघोळीचं पाणी झेंडूंत गेलं की नाही, ते उभं राहून पाहिलं. गेलं. वाळलेल्या फुलांचं बी गुणाबाईने चुरून तिथेच पेरलं, म्हणाली उगवतील.

गिरजाच्या दोन साड्या घडी करून पिशवीत ठेवल्या. पुढच्या वेळी घेऊन जाईन. तिला तिकडेच लागतील.

सातला फोन केला. जेवली का? हो. औषध? घेतलं. इथे मी नेहमी ठेवतो. आज ठेवला नाही. विचारलं, "आज पोराईले काय शिकवलं?"

ती सांगायला लागली. एक सहा वर्षांचा मुलगा आहे, तो गाथा म्हणताना मध्येच झोपतो आणि उठून बरोबर तिथूनच पुढे म्हणतो. मी म्हणालो, "मंग काय झालं?" ती हसली, आणि मग पुढचं सांगितलं.

एकवीस मिनिटं. गाडीचं आज लिहिण्यासारखं काही नाही.